घरातील साउना किती मोठा असावा?

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘साउना’ असे उत्तर दिले. ते थोडा वेळ गप्प राहिले. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाकडून त्यांची अपेक्षा वेतनकरार, कंत्राटी कामगार किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी असणार. शिवाय एप्रिलचा महिना. पंखा डोक्यावर फिरत असताना ज्यांचे सदरे पाठीला चिकटले आहेत, अशा श्रोत्यांपुढे मुद्दाम घाम काढण्याच्या खोलीविषयी काय बोलणार, अशीही शंका त्यांना आली असावी. शंका रास्त आहे. तिचे उत्तर ओघाने येईल.

आम्ही स्थापत्यविशारद नव्हे आणि वैद्यही नव्हे. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, आणि तिच्याबरोबर आठवीत आमची शाळाही सुटली. पुढे जे काही शिकणे झाले ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटातून आणि चार माणसांच्या घरी बसून. साउनाचे ज्ञानही असेच एका घरी बसून मिळाले आहे. ते घर फिनलंड देशात, तांपेरे नावाच्या गावी आहे.

२०१७ साली कामगार प्रतिनिधींच्या एका मंडळाबरोबर आम्ही तिकडे गेलो होतो. तांपेरेला ‘फिनलंडचे मँचेस्टर’ म्हणत. फिनलेसन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने १८२० साली तेथे कारखाना काढला आणि त्यातून पुढे मोठी कापडगिरणी उभी राहिली. मुंबईची पहिली गिरणी १८५४ ची, म्हणजे ते गाव या धंद्यात आमच्यापेक्षा वडील. गिरणीच्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत. आत कचेऱ्या आहेत, उपाहारगृहे आहेत आणि कामगारांचे एक संग्रहालयही आहे. परळ-लालबागच्या माणसाला हे दृश्य पाहून काय वाटेल ते येथे सांगत बसत नाही.

आमचे यजमान एक निवृत्त फिटर होते. त्यांचे इंग्रजी आणि आमचे इंग्रजी सारखेच मोडके असल्यामुळे संभाषण फार चांगले झाले. त्यांच्या पत्नीला आम्ही ‘वहिनी’ म्हणू लागलो. शब्दाचा अर्थ समजल्यावर त्यांनाही तो आवडला. त्या घरात त्यावेळी एक वाद चालू होता. अंगणातला जुना साउना कुजून गेला होता, नवा बांधायचा होता, आणि तो किती मोठा बांधावा यावर नवराबायकोचे एकमत होत नव्हते. आठ दिवस आम्ही तो वाद ऐकला, थोडाफार त्यात पडलोही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या वादाचा हिशेब होय.

प्रथम साउना म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी जाणणारे लोक ‘सॉना’ म्हणतात. त्या देशातले लोक ‘साउना’ म्हणतात. आतून लाकडाच्या फळ्या लावलेली एक लहान खोली, तिच्यात चढत्या पायऱ्यांसारखे लाकडी बाक, आणि एका कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी. या शेगडीला ते ‘किउआस’ म्हणतात. शेगडी तापली की दगड तापतात व दगडांनी हवा तापते. बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापाशी उष्णता ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत असते.

येथे कोणीही विचारील, की १०० अंशाला पाणी उकळते, मग माणूस कसा जगतो? कारण ती हवा कोरडी असते. मुंबईच्या मे महिन्यात हवेतच पाणी इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून ३५ अंशालाच आमचा जीव कासावीस होतो. साउनात घाम निघतो तसा वाळतो, व माणूस दहा-पंधरा मिनिटे सुखाने बसू शकतो. मग कोणीतरी डवलीने थोडे पाणी तापल्या दगडांवर टाकतो. त्याची क्षणार्धात वाफ होते, ती छताला जाते, तेथून खाली उतरते आणि अंगावर पसरते. या वाफेच्या लाटेला ‘लोय्ली’ असा खास शब्द आहे. लोय्ली चांगली असेल तर साउना चांगला. ती वाईट असेल तर संगमरवर लावूनही उपयोग नाही. पुढे जी मापे सांगणार आहोत ती सगळी या एका गोष्टीसाठी आहेत.

फिनलंडची वस्ती ५५-५६ लाखांची, आणि साउना सुमारे ३० लाख असल्याचा अंदाज सांगतात. म्हणजे देशातील सगळे लोक एकाच वेळी साउनात बसू शकतील. शनिवार हा साउनाचा परंपरागत वार. पूर्वी खेड्यातल्या बायका साउनातच बाळंत होत, कारण घरातली तीच खोली ऊबदार, स्वच्छ आणि गरम पाण्याची सोय असलेली असे. आमच्याकडे बाळंतिणीची खोली आणि शेक-शेगडी असे, तसेच काहीसे. मेलेल्या माणसाला शेवटचे स्नानही तेथेच घालीत. जन्म आणि मरण दोन्ही ज्या खोलीने पाहिले तिला माणसे चैनीची वस्तू कशी म्हणतील? २०२० साली युनेस्कोने फिनलंडची साउना-संस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली.

आमच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. साउनात अंगावर कपडा नसतो आणि म्हणून हुद्दाही नसतो. तांपेरेच्या पिस्पाला या जुन्या कामगारवस्तीत १९०६ साली सुरू झालेला एक सार्वजनिक साउना अजून चालू आहे. राजापोर्ती त्याचे नाव. फिनलंडमधील चालू सार्वजनिक साउनांत तो सर्वांत जुना. तेथे आमच्या एका बाजूला लोहार व दुसऱ्या बाजूला प्राध्यापक बसले होते, हे आम्हाला बाहेर येऊन कपडे घातल्यावर समजले.

आता वादाकडे वळू.

यजमानांचा आराखडा तयार होता. खोली आतून ३ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २ मीटर ४० सेंटिमीटर उंच. आठ माणसे आरामात बसतील असे त्यांचे म्हणणे. एका भिंतीत मोठी काच, म्हणजे बाकावर बसून तळे दिसावे. वहिनींचे म्हणणे, की एवढी मोठी खोली तापवायची कोणासाठी? आणि त्यांनी एक वाक्य उच्चारले, ते आम्ही वहीत लिहून घेतले: “पाहुणे मोजू नका, शनिवार मोजा.”

साउनाचे माप ठरवताना पहिला प्रश्न हाच आहे. नेहमीच्या आठवड्यात, नेहमीच्या शनिवारी, एका वेळी किती माणसे बाकावर बसतात? वर्षातून एकदा जत्रेला येणारी माणसे या हिशेबात धरायची नाहीत. पाहुणे आले तर दोन पाळ्या करता येतात. तिकडे आधी बायका व मग पुरुष, किंवा आधी मुलेमाणसे व मग बाकीचे, अशी चाल आहेच. परंतु मोठी बांधलेली खोली लहान करता येत नाही, आणि प्रत्येक शनिवारी रिकाम्या जागेचेही सरपण जाळावे लागते.

संख्या ठरली की बाकाचे माप आपोआप निघते. बसलेल्या माणसाला बाकाची ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन फूट, लांबी लागते. वरच्या बाकाची खोलीही तितकीच ठेवावी, म्हणजे पाय वर घेऊन बसता येते. तीन माणसांना १ मीटर ८० सेंटिमीटर झाले. परंतु म्हाताऱ्या माणसाला कधी आडवे व्हावेसे वाटते. त्यासाठी बाक २ मीटर लांब असावा. बाक काटकोनात वळवला तर कोपऱ्यापलीकडे चौथा माणूस बसतो. वहिनींची खोली अशी निघाली: २ मीटर लांब, १ मीटर ८० सेंटिमीटर रुंद. रुंदीपैकी ६० सेंटिमीटर वरच्या बाकाला, ४० सेंटिमीटर पाय ठेवायच्या खालच्या बाकाला, आणि उरलेल्या ८० सेंटिमीटरांत शेगडी, दार व उभे राहण्याची जागा. शेगडी आणि लाकूड यांच्यात किती अंतर हवे हे शेगडी करणारा लिहून देतो. तेथे एक बोटभरही काटकसर करू नये. आगीला आपल्या अडचणी सांगून उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. येथे पुष्कळ लोक चुकतात, कारण त्यांना माप म्हटले की फक्त जमीन दिसते. गरम हवा वर जाते, हे शाळेतले वाक्य साउनात बसल्यावर खरे कळते. जमिनीपाशी ३०-४० अंश आणि छताशी त्याच्या दुपटीहून अधिक, अशी स्थिती असते. म्हणून जाणकारांचा नियम असा, की वरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे पायसुद्धा शेगडीतल्या दगडांच्या वर असले पाहिजेत. तसे नसेल तर डोके भाजते आणि पाय गारठतात. मग माणूस पाणी टाकत राहतो, आणि तरी त्याचे समाधान होत नाही.

हिशेब करून पाहू. छत आणि वरचा बाक यांत सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर अंतर ठेवतात, म्हणजे उंच माणसाचेही डोके लागत नाही आणि वाफ डोक्यावरून निसटतही नाही. पाय ठेवायचा बाक वरच्या बाकापेक्षा साधारण ४५ सेंटिमीटर खाली. छत २ मीटर १० सेंटिमीटर असेल तर वरचा बाक १ मीटरवर आला आणि पाय ५५ सेंटिमीटरवर. दगडांचा माथा साधारण ७० सेंटिमीटरवर असेल तर पाय दगडांच्या खाली गेले. तेच छत २ मीटर ४० सेंटिमीटर केले की बाक १ मीटर ३० सेंटिमीटरवर जातो, पाय ८५ सेंटिमीटरवर, आणि सगळा माणूस उष्णतेत येतो. उंचीच्या बाबतीत यजमानांचे बरोबर होते, व वहिनींनी ते तत्काळ मान्य केले. मात्र याहून उंच छत करण्यात अर्थ नाही. बाक वर चढवला नाही तर छताखालची उष्णता फुकट जाते. चढवला तर म्हाताऱ्यांना शिडी लागते.

तिसरा प्रश्न शेगडीचा. हा प्रश्न तिसरा आहे, पहिला नव्हे. दुकानात जाऊन आधी मोठी शेगडी आणायची व मग तिच्याभोवती खोली बांधायची, हा उलटा कारभार. विजेच्या शेगडीचा ढोबळ नियम सोपा आहे: भिंतींत उष्णता अडवणारा थर नीट घातलेला असेल तर खोलीच्या एका घनमीटरला १ किलोवॅट. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करावा, म्हणजे घनमीटर मिळतात. वहिनींची खोली २ गुणिले १.८ गुणिले २.४, म्हणजे ८.६४ घनमीटर. शेगडी ९ किलोवॅटची. यजमानांची खोली ३ गुणिले २.५ गुणिले २.४, म्हणजे १८ घनमीटर. शेगडी १८ किलोवॅटची.

एवढ्यावर भागत नाही. काच, फरशी, उघडी वीट किंवा दगड उष्णता शोषून घेतात. अशा उघड्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १.२ घनमीटर अधिक धरावे लागतात. यजमानांची काच २ चौरस मीटरची, तिचे २.४ घनमीटर. बेरीज २०.४ झाली. म्हणजे तळे पाहण्यासाठी जवळजवळ अडीच किलोवॅटचा कर! ओंडक्यांच्या भिंती असतील आणि आत अस्तर नसेल, तर सगळ्या घनफळालाच सव्वा ते दीडपट धरतात. लाकडावर चालणाऱ्या शेगडीचा हिशेबही घनफळावरूनच होतो. फक्त तिला धुराडे लागते आणि सरपण वाहणारे हात लागतात. यजमानांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी वीज पसंत केली होती.

त्या दिवशी यजमान स्वतःच कागदावर आकडे मांडत होते. फिटर माणूस, आकड्याशी खोटे बोलणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्या घराच्या वीजजोडणीला तीन फेज आणि प्रत्येकी २५ अँपिअरचे फ्यूज होते. २३० व्होल्टच्या हिशेबाने ही जोडणी सुमारे १७ किलोवॅटची. म्हणजे सगळे दिवे मालवले आणि चहाची किटली बंद ठेवली, तरी २० किलोवॅटचा साउना त्या घरात चालणार नव्हता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पण हार मानली नाही. नवी जोडणी घेऊ, असे म्हणाले.

कोणी म्हणेल, मोठ्या खोलीला लहान शेगडी लावली तर? मग खोली तापायला फार वेळ लागतो, शेगडीतल्या तारा सतत तापत राहून लवकर जळतात, आणि शेवटी कोमट खोलीत बसून माणसे आपापसांत कुरकुर करतात. उलट लहान खोलीला मोठी शेगडी लावली तर हवा झटकन तापते, उष्णतामापक शेगडीला बंद करतो, आणि दगड मात्र आतून थंडच राहतात. त्यांवर पाणी टाकले तर त्याची वाफ न होता ते खाली गळते. हवा बोचरी, वाफ नाही. सर्वांत वाईट साउना तो हाच. सामर्थ्य आणि काम यांचा मेळ हवा, ही गोष्ट कारखान्यात यंत्राला लागू आहे, आणि युनियनमध्ये पुढाऱ्यालाही.

चौथा प्रश्न हवेचा. बंद खोलीत चार माणसे श्वास घेतात. ताजी हवा आली नाही तर डोके जड होते, आणि लोक समजतात की उष्णता सोसली नाही. तासाला सहा वेळा खोलीतली हवा बदलावी असा दंडक आहे. वहिनींच्या खोलीला ते तासाला सुमारे ५२ घनमीटर झाले. ताजी हवा शेगडीजवळून आत घ्यावी, म्हणजे ती तापून पसरते. जुनी हवा लांबच्या बाजूने, बाकाखालून बाहेर जावी. छताजवळ एक झडप ठेवावी, ती आंघोळ संपल्यावर खोली वाळवण्यासाठी उघडायची. दार नेहमी बाहेर उघडणारे असावे आणि त्याला आतून कडी-कुलूप नसावे; घेरी आलेल्या माणसाला धक्का देऊन बाहेर पडता आले पाहिजे. बाकाला ॲस्पेन किंवा आल्डरसारखे लाकूड वापरतात, कारण त्यात राळ निघत नाही, गाठी कमी असतात आणि उघड्या अंगाला ते चटका देत नाही. ज्याने लोखंडी खुर्चीवर दुपारी बसून पाहिले आहे त्याला याचे महत्त्व सांगायला नको.

पाचवा प्रश्न लोक विसरतात. साउना म्हणजे केवळ ती तापलेली खोली नव्हे. कपडे काढायला जागा हवी, अंग धुवायला न्हाणी हवी, आणि बाहेर येऊन निवत बसायला ओटा हवा. माणूस आत दहा-पंधरा मिनिटे बसतो, बाहेर येतो, तळ्यात बुडी मारतो किंवा नुसता वाऱ्यावर बसतो, पुन्हा आत जातो. असे दोन-तीन फेरे होतात. म्हणजे एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ बाहेरच जातो. ज्याने सगळी जागा गरम खोलीला दिली त्याने स्वयंपाकघर बांधले आणि पंगतीला जागा ठेवली नाही.

वाद मिटला तो आकड्यांनी नव्हे. सहाव्या दिवशी वहिनींनी एक खडू आणला आणि अंगणातल्या फरसबंदीवर यजमानांची खोली पूर्ण मापाने आखली. बाकांच्या जागी खोकी मांडली. मग त्या स्वतः बसल्या, यजमानांना बसवले, आणि आम्हालाही बसवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. खडूच्या रेघांच्या आत पाच जागा रिकाम्या होत्या.

त्या पाच जागा कोणाच्या, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. दोन मुलगे, एक सून आणि दोन नातवंडे. थोरला स्वीडनमध्ये नोकरीला, धाकटा हेलसिंकीला. उन्हाळ्यात, वर्षातला सर्वांत मोठा दिवस साजरा करायला ते येत, एरवी टेलिफोन. यजमान आठ माणसांची खोली बांधत होते, कारण सहा मीटर बाक असला तर तो भरायला मुले येतील असे त्यांना मनातून वाटत होते. आमच्या कोकणातही मुंबईकर मुलांसाठी आठ खणांची घरे बांधून म्हातारी माणसे पडवीत एकटी बसलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून आम्ही काही बोललो नाही.

वहिनींनी मग दुसरी रेघ मारली. आतली खोली त्यांच्या मापाची, चार माणसांची. पण पुढे पडवीसारखा लांबरुंद ओटा, त्यावर छप्पर आणि बाक, बारा माणसे बसतील असा. उष्णता विकत घ्यावी लागते, तिथे मोजून माणसे. वारा फुकट आहे, तिथे वाटेल तेवढी. मुले आली की पाळ्यांनी आत जातील आणि ओट्यावर सगळी एकत्र बसतील. तळेही तेथूनच दिसेल, काचेशिवाय. यजमान खोक्यावरून उठले, ओट्याच्या रेघेवरून चालत गेले, आणि शेवटी त्यांनी ती रेघ आणखी हातभर लांब केली. तेवढा मान त्यांनी राखून घेतला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याला अंगण नाही त्याने काय करावे? फिनलंडच्या शहरांत जुन्या गृहसंस्थांच्या तळघरात एक सामाईक साउना असे, व प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्यातून एक ठराविक तास. १९७०-८० नंतर बांधलेल्या इमारतींत प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र साउना देण्याची चाल पडली. दीड-दोन मीटरांच्या त्या खोल्यांपैकी कित्येकांत आज सुटकेसा, रंगाचे डबे आणि हिवाळी कोट भरलेले असतात. शेगडीवर सामान ठेवलेले असताना चुकून कळ दाबली गेली की आग लागते. अशा आगी तेथील अग्निशामक दलाच्या परिचयाच्या आहेत. सामाईक साउना वापरला तर एकदा तापलेले दगड एकामागून एक अनेक बिऱ्हाडांच्या उपयोगी पडतात. तेव्हा एकट्या माणसाने साउनाचे योग्य माप विचारले, तर ‘तुमच्या पाळीइतके’ हे उत्तरही बरोबरच आहे. स्वतःचे असणे आणि पुरेसे असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

परंतु याचा अर्थ लहान जागा नेहमीच चांगली, असा कोणी काढू नये. आम्ही चाळीत वाढलो. बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तीत दोन-दोन बिऱ्हाडे राहिलेली आहेत आणि पाळीपाळीने झोपलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ती खोली माणसे मोजून बांधलेली नव्हती. जमिनीचा तुकडा मोजून, त्यात किती खोल्या बसतात ते पाहून बांधली होती. गिरणी कामगारांना २०१२ पासून सोडतीने जी घरे मिळाली, त्यांतील पुष्कळ २२५ चौरस फुटांची आहेत. ज्यांनी गिरणगाव उभे केले त्यांना पंधरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. वहिनींच्या चार माणसांच्या साउनात एकेका माणसाच्या पाठीचा, पायाचा आणि श्वासाचा विचार होता. आठवड्यातून दोन तास वापरायच्या खोलीसाठी जर एवढा विचार होतो, तर जन्मभर राहायच्या खोलीसाठी तो का होऊ नये, हा प्रश्न आम्ही तेथून घेऊन आलो.

आणि आणखी एक वस्तू आणली, ती म्हणजे खडू. परत आल्यावर गिरणी कामगारांच्या वारसांची एक सभा होती. घराचे क्षेत्रफळ वाढवून मागावे की जे मिळते ते घ्यावे, यावर भाषणे चालली होती. आम्ही भाषण केले नाही. शाळेच्या पटांगणावर पंधरा फुटांचा चौकोन आखला, त्यातून न्हाणी व मोरीची जागा वजा केली, चूल मांडली, खाट मांडली, आणि एका कुटुंबातल्या सहा जणांना आत बसायला सांगितले. पाच जण बसले. सहावी आजी होती, ती रेघेबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, “मी बाहेरच बरी आहे.” त्या दिवशीचा ठराव एकमताने झाला.

२०१९ साली यजमानांचे पत्र आले, सोबत एक छायाचित्र. ओट्यावर अकरा माणसे बसलेली होती, मुले-नातवंडे आणि शेजारी. दार उघडे असल्यामुळे आतला बाकही थोडा दिसत होता. पाठीमागे यजमानांनी लिहिले होते, की शेगडी ९ किलोवॅटचीच घेतली, लोय्ली उत्तम येते, आणि बहुतेक शनिवारी आत आम्ही दोघे व एक शेजारी असतो.

तेव्हा श्रोतेहो, कोणी आपल्याला घराचे, सभागृहाचे किंवा साउनाचे माप विचारले, तर आधी कागद घेऊ नका. खडू घ्या, जमिनीवर रेघ मारा, आणि ज्यांनी तेथे बसायचे आहे त्यांना बसवून पाहा. कोणाची जागा रिकामी राहते ते दिसेल. आणि कोण रेघेबाहेर उभे आहे, तेही दिसेल.